वाढत्या अंगाचं

सीट आली शुक्रवारी संध्याकाळी, आणि शनिवारी सकाळी सातच्या आत निम्म्या झरी गावानं ती पाहून घेतली होती. लिंबाजीआबांनी ती गाडीत मागं बसवून गाडी मुद्दाम दारापुढं, रस्त्याला लागून उभी केली होती आणि चारही काचा खाली घेतल्या होत्या. येणारा-जाणारा वाकून आत बघायचा आणि विचारायचा, "आबा, ही खुर्ची कशाची?" हा प्रश्न ऐकायचा आबांना काही केल्या कंटाळा येत नव्हता.

"नातीची हाय," ते म्हणायचे. "आज ताडकळसला न्यायलोय भक्तीला. माझ्या गाडीत."

एवढं एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून आबांनी पाच महिने काढले होते. गेल्या दिवाळीला मुलगा राम, सून अर्पिता आणि भक्ती पुण्याहून रेल्वेनं परभणीला उतरले, तेव्हा आबा नवीकोरी गाडी घेऊन स्टेशनवर हजर होते. साठी उलटल्यावर गाडी शिकलेला माणूस, ती शिकलाच मुळी नातीला आणायला. अर्पिता गाडीपाशी आली, आत डोकावली आणि म्हणाली, "आबा, लेकराची सीट नाही यात. मी हिला घेऊन बसनं येते." आणि खरोखरच बसनं आली. पुढं एसटी, एसटीत सून आणि नात, आणि मागं आबांची गाडी, आत राम आणि तीन बॅगा. एसटी थांबली की गाडी थांबायची, एसटी निघाली की गाडी निघायची. गावानं ही वरात पुढं महिनाभर चघळली.

अर्पिता काही भांडखोर पोर नव्हती. पूर्णेची, अदबशीर, सासूच्या हातातलं काम काढून घेणारी. पण पुण्यात ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि अपघाताची लेकरं तिच्या टेबलावरून जायची. गाडीत लेकरू मांडीवर घ्यायचं नाही, हा तिथनं उचललेला नेम तिनं भक्तीच्या जन्मापासून पाळला होता. "मग बसमधी कुठं पट्टा असतो गं?" असं नणंदेनं, सविताताईनं, तेव्हा विचारलं होतं. "बसला माझ्याकडं इलाज नाही, ताई," अर्पिता म्हणाली होती. "गाडीला आहे, तर तो कामून सोडू?" यावर सविताला उत्तर सुचलं नव्हतं, आणि उत्तर सुचलं नाही की सविता वडिलांच्या बाजूला जायची. ही त्या घराची जुनी रीत होती.

यंदाही तिघं बसनंच आले होते, कारण सीट दुकानात यायला उशीर झाला. ती आता आली होती, आणि नेमकी आजच्या दिवसाला आली होती.

आज भक्तीची गूळतुला होती. ती सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात आबांची थोरली बहीण धुरपताबाई पदर पसरून बोलली होती, "मारुतीराया, एवढं लेकरू वाचव, तिच्या भारोभार गूळ देईन." भक्ती वाचली, अडीच वर्षांची झाली, आणि नवस बोलणारी धुरपताबाई मात्र खुब्याचं हाड मोडून ताडकळसला खाटेवर पडली. म्हणून असं ठरलं, की तुला झरीच्या मारुतीपुढं करायची आणि गुळाचा पहिला खडा भक्तीनं स्वतःच्या हातानं ताडकळसला नेऊन आत्याआजीच्या तोंडात घालायचा. तोवर धुरपताबाईचा उपास. उपासाची आठवण राहावी म्हणून तिनं सकाळपासून तीनदा फोन केला होता.

अर्पिता भक्तीला कडेवर घेऊन बाहेर आली. आबा बाजूला सरकून उभे राहिले, हात मागं बांधून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

सीट देखणी होती. लालभडक, पाठीला उंच, दोन्ही बाजूला हात टेकायला दांडे. अर्पितानं भक्तीला तिच्यात बसवलं आणि गाडीचा पट्टा ओढून लावला. पट्टा भक्तीच्या गळ्याला घासून गेला. खालचा भाग पोटावर चढला. भक्तीचे पाय सीटच्या कडेपर्यंतसुद्धा पोचत नव्हते. पुढच्या क्षणाला ती हळूहळू खाली घसरली आणि पट्ट्याखालून नुसते डोळे दाखवत हसायला लागली.

"आबा, दुकानात वय किती सांगितलं?"

"अडीच."

"आणि वजन?"

"सोळा किलो."

अर्पितानं सीटच्या खोक्यावरची अक्षरं वाचली. "ही पंधरा किलोच्या पुढच्या लेकरांची आहे. शाळेत जाणाऱ्या. हिला स्वतःचे पट्टे नसतात, नुसती उंची वाढवते ही."

"मग सोळा म्हंजी पंधराच्या पुढंच की," आबा म्हणाले.

"मीच म्हणले, वाढत्या अंगाची घेऊ," सविता ओसरीवरून म्हणाली. ती सोनपेठहून खास तुलेला आली होती आणि दुकानात आबांबरोबर तीच गेली होती. "दुकानदार म्हणला, बारा वर्षं चालंल. नसता दर दोन वर्षाला नवी कोण घेत बसंल?"

इथं ह्या घराची दुसरी रीत सांगायला हवी. लिंबाजीआबांनी उभ्या हयातीत कुठल्याही लेकराला त्याच्या मापाचं काही घेतलं नव्हतं. सविताचा पहिलीचा झगा तिसरीत तिला बरोबर बसला. रामचे बूट दोन अंक मोठे घ्यायचे आणि पुढं कापूस कोंबायचा, कापूस घरचाच. तो बिचारा आजही चालताना पाय किंचित घासत चालतो आणि अर्पिता त्याला त्यावरून बोलते. कपडे असोत, सायकल असो, जुवाला जुंपायचं गोऱ्हं असो, आबा एकच म्हणायचे, वाढत्या अंगाचं द्या. त्यात काटकसर होती, पण नुसती काटकसर नव्हती. लेकरू वाढणार, ही त्यात खात्री धरलेली असायची.

"अर्पिता, आज एक दिवसाचा तर प्रश्न हाय," राम म्हणाला. तो सकाळपासून कधी बायकोच्या आणि कधी बापाच्या बाजूला दिसत होता, आणि आत्ता बापाच्या जवळ उभा होता. "मी धरतो तिला."

"हिचं वजन अकरा-बारा आहे, राम. तुला माहीत आहे."

"अकरा?" आबांना हे जिव्हारी लागलं. त्यांचा हात सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. सोयाबीनचं पोतं असो की बकरू, एकदा उचललं की आबा सांगायचे तेच काट्यावर भरायचं, पावशेराचा फरक पडला तर पडायचा. बाजारात लोक हातातली पिशवी त्यांच्याकडं द्यायचे, नुसती गंमत म्हणून. "सूनबाई, माझ्या हाताला सोळा लागतीय ती. रोज उचलायलोय मी."

"मग देवळात काटा हायच की," सविताच्या आई, कस्तुराबाई, पहिल्यांदाच बोलल्या. गुळाचं फडकं बांधता बांधता त्या सगळं ऐकत होत्या. "तिथं कळंल. आत्ता भांडू नका, लेकरू दारात हाय."

मारुतीच्या देवळात सटवाजीनं आपला जुना तराजू आढ्याला टांगून ठेवला होता. सटवाजी आडत्याकडं मापाडी होता, आबांचा जोडीदार, आणि आबांच्या हातावर त्याचा आपल्या काट्याइतकाच भरवसा होता. आबांच्या सांगण्यावरून त्यानं गुळाच्या चार-चार किलोच्या चार भेल्या आणल्या होत्या. त्या एका पारड्यात मांडल्या. दुसऱ्या पारड्यात पाट ठेवून त्यावर भक्तीला बसवलं, आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा पाट भेलींच्या खाली सरकवला. जमलेल्या बायकांनी हळदकुंकू लावलं. पुजाऱ्यानं नारळ फोडला आणि सटवाजीनं पारड्याखालचा टेकू काढला.

भक्ती सरळ वर गेली आणि वरच राहिली.

तिला ते फार आवडलं. ती टाळ्या वाजवायला लागली. लोक हसले, आबाही हसले, पण थोडं उशिरा. सटवाजीनं एक भेली उतरवली. पारडं हललं, पण खाली यायचं नाव घेईना. त्यानं आबांकडं पाहिलं, मग तिसरी भेली काढून फोडली आणि खडा खडा टाकत गेला. बऱ्याच वेळानं दांडी सरळ झाली.

"सव्वाअकरा," सटवाजी म्हणाला. "आबा, आज हात चुकला की तुमचा."

"आकडा सांगू नको रे मोठ्यानं," म्हणत कस्तुराबाईंनी भक्तीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आबांनी उरलेल्या गुळाची भेली हातात घेतली, परत खाली ठेवली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसले.

घरी परतल्यावर ओसरीवर पाण्याचे तांबे फिरले. सविताला वाटत होतं की अर्पितानं आता "मी म्हणले नव्हते का" म्हणावं, म्हणजे तिला तरी काही उत्तर देता येईल. अर्पिता म्हणत नव्हती. तेवढ्यात धुरपताबाईचा फोन आला. सवितानं उचलला. "निघालोच, आत्या," ती म्हणाली, आणि चौघांकडं बघत फोन ठेवला.

"सोळा कसं लागतं मग हाताला?" आबा म्हणाले. ते कुणाला विचारत नव्हते. "पोत्याला न्हाई चुकत. बकऱ्याला न्हाई चुकत."

कस्तुराबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"पहिल्या दिशी कुठं चुकला व्हता?" त्या म्हणाल्या. "दवाखान्यात नर्सबाईनं तुमच्या ओंजळीत दिली तिला, फडक्यात गुंडाळून. तुमी बाहेर येऊन माझ्या कानात सांगितलं, किलोच्या वर शंभर-दीडशे. डॉक्टरच्या कागदावर तेच निघालं. त्या दिशी तुमी जेवलात न्हाई. दुसऱ्या दिशीबी न्हाई. तव्हापासून ती तुमाला हलकी चालतच न्हाई, एवढंच हाय ते. मला माहीत व्हतं, म्हणून सीट आली तव्हा मी बोलले न्हाई."

आबांना ते पटलं. पटलं म्हणून त्यांना भयंकर वाईट वाटलं. अडीच वर्षं ते नातीला उचलायचे आणि स्वतःच्या हाताला सांगायचे की जड झालीय, लय जड झालीय. आणि हात, जो कुणाचं ऐकत नव्हता, तो त्यांचं ऐकत गेला होता.

अर्पिता दारात उभी होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसांत ती स्वतः दवाखान्याच्या खाटेवर होती. बाहेर कोण जेवलं आणि कोण नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि मग, कुणाला वाटलं नव्हतं असं, म्हणाली, "चला आबा. आज जाऊ आपण गाडीनं. मी मागं बसते, तिला घट्ट धरते. आत्या उपाशी आहेत."

घर एकदम हललं. रामनं खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली. सविता गुळाची पाटी उचलायला धावली. "बघा, समजूतदार हाय माझी भावजय," असंही ती म्हणाली, जे सकाळपासून तिच्या तोंडात नव्हतं. पाच महिने ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द सुनेनं आपण होऊन दिला होता, आणि आबा मात्र बसल्या जागेवरून उठत नव्हते.

"न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई म्हंजी?" राम थांबला.

"ह्या सीटवर न्हाई, आन मांडीवरबी न्हाई. ह्या पोरीनं अडीच वर्षं नेम पाळला. लोक हसले, आपण हसलो, तरी पाळला. आन आज माझं तोंड उतरलं म्हणून तिनं तो मोडायचा का?" त्यांनी अर्पिताकडं पाहिलं. "तू बसनं ये, माय. भक्तीला घेऊन. परभणीला त्या दुकानात भेटू. ताडकळसचं तिथनं बघू."

अर्पितानं भक्तीला कडेवर घेतलं आणि मान हलवली.

त्या दिवशी झरीच्या रस्त्यावर पुन्हा एसटी पुढं आणि आबांची गाडी मागं अशी वरात निघाली. ह्या वेळी आबांनी ती स्वतः काढली होती. कस्तुराबाई पुढं, सविता मागं लाल सीटशेजारी गुळाची पाटी घेऊन. राम बायकोबरोबर बसमध्ये. मधे दोनदा रस्ता मोकळा मिळाला. "घाला की पुढं," कस्तुराबाई म्हणाल्या. आबांनी घातली नाही. बसच्या मागच्या काचेतून भक्ती त्यांना हात करत होती.

दुकानदार पोरगेला आणि गोड बोलणारा होता. लाल सीट परत येताना बघून त्याचा चेहरा जरा पडला, पण आबा आधीच म्हणाले, "चूक माझी हाय. तू वजन विचारलं, मी खोटं सांगितलं. आता हिला तोल आन मग दाखव."

त्यानं भक्तीला काट्यावर उभं केलं, भिंतीला टेकवून उंची बघितली आणि आतून करड्या रंगाची एक सीट आणली. हिला स्वतःचे पाच पट्टे होते, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, सगळे पोटापाशी एका बकलात येणारे. अर्पितानं खांद्याचे पट्टे कुठून निघतात ते बघितलं, खालचा कागद वाचला आणि पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

"आता हिला उलटी बसवायची," ती म्हणाली. "तोंड मागच्या काचेकडं. धक्का बसला तर सगळी पाठ टेकलेली राहते, मान झटकत नाही. थोडी वाढली की हीच सीट सरळ करता येते."

आबांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या मनात वेगळंच होतं, की भक्ती मागं बसंल, पुढचा रस्ता बघंल, आणि ते आरशातून तिला एकेक शेत दाखवत नेतील. "मग मी न्हाई दिसणार तिला," ते म्हणाले.

"आवाज येईल की, आबा."

आबांनी त्या सीटवरून हात फिरवला. "बरं," ते म्हणाले. "किती दिवस चालंल ही?"

"चार वर्षांची होईपर्यंत धरा," दुकानदार म्हणाला. "त्यापुढं ती लाल लागंल."

सविताला राहवलं नाही. "मग आबा, दोन्ही ठेवू. लाल माळ्यावर टाकू. तवर अंगाला येईल."

राम हसायला लागला. अर्पितानं तोंड फिरवलं. सगळ्यांना वाटलं, आबा आता हो म्हणणार. माळा म्हणजे त्यांचा जीव.

"न्हाई," आबा म्हणाले. "वाढंल ती. वाढंल तव्हा परत येऊ, तव्हाच्या मापाचं घेऊ. आज सव्वाअकराचं दे."

सीट गाडीत बसवायला दुकानातला माणूस आला. त्यानं गाडीचा पट्टा सीटच्या खाचेतून काढला, अडकवला आणि झालं म्हणाला. आबांनी सीटला हात लावून हलवलं. सीट हातभर डुलली.

"असा कडबा बांधला तर पहिल्या वळणाला रस्त्यावर येईल," आबा म्हणाले. त्यांनी त्याला बाजूला केलं, सीटमध्ये गुडघा रोवला, अंगाचा सगळा भार घातला आणि दोन्ही हातांनी पट्टा ओढला, वर्षानुवर्षं बैलगाडीवरच्या भाऱ्याची दोरी ओढली तसा. मग खाली उतरून सीट परत हलवली. गाडी हलली, सीट हलली नाही. दुकानातल्या माणसानं ते नीट बघून घेतलं.

माणसं पाच आणि जागा चार असा हिशेब झाल्यावर राम पाय घासत बसस्टँडकडं निघाला. त्याला कुणी फार आग्रह केला नाही. धुरपताबाईचा पाचवा फोन आला. कस्तुराबाईंनी तिला सांगितलं की पोरगी येतीय, आणि मुद्दाम सांगितलं की आबांच्या गाडीनं येतीय.

"आबा, तुमीच बसवा तिला," अर्पिता म्हणाली.

आबांनी भक्तीला उचललं. हाताला सव्वाअकरा लागले. त्यांनी तिला सीटमध्ये टेकवलं, एकेक हात पट्ट्यातून काढला, बकल लावलं आणि पट्टा खेचला. खांद्यावर तो ढिला तर नाही, हे चिमटीत पकडून बघितलं. चिमटीत काही आलं नाही. मग ते मागं सरले आणि सुनेला वाट करून दिली, कारण रामनं लावलेला पट्टासुद्धा अर्पिता स्वतः दोनदा ओढून बघायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अर्पिता आत वाकली. तिनं भक्तीच्या कपाळावरचे केस मागं सारले, पट्ट्याला हात न लावता शेजारी बसली आणि आपला पट्टा लावून दार ओढून घेतलं.

आबा पुढं येऊन बसले. किल्ली लावली, आरसा नीट केला, आणि हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून तसेच बसून राहिले. त्यांना इतका आनंद झाला होता आणि इतकी भीती वाटत होती, की गाडी सुरू करायची असते हेच त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

"आबा," मागून भक्तीचा आवाज आला, "चला की."